कचेरीच्या भिंतीची घरधनीण

६ जानेवारी, सोमवार

कारंजं म्हणे! प्यायला पाणी नाही आणि उडवायला आहे. तीन वर्षं मी घसा फोडते आहे, की बाबांनो, डोंगरातली माणसं अंधार असताना निघतात, जीपच्या टपावर बसून येतात, कचेरी उघडेपर्यंत उकिडवी बसून राहतात, त्यांच्यासाठी एक नळ लावा. एकच. पितळेचा नको, प्लास्टिकचा चालेल. नाही. आणि आज समितीत ठराव काय, तर गेटासमोर गोल हौद, त्यात कारंजं, त्याला खालून निळे दिवे. मी म्हटलं, दिवे बघणार कोण, कचेरी तर सव्वासहाला बंद होते. तर भरत भाऊसाहेब, कचेरीतला कारकून, टेबलावरचे कागद सरळ करत मला शिकवतो, "मावशी, हाई सुशोभीकरण शे. यामा पेवानं पानी बसत नई."

मग कशात बसतं? म्हणे ते वेगळं खातं.

रिषभशेठ, हार्डवेअरचं दुकान आहे ते, त्यांनी गावाच्या नावाची मोठी स्टीलची अक्षरं द्यायचं कबूल केलं. मध्ये लाल बदाम. लोक पुढे उभं राहून फोटो काढतील. मी म्हटलं, शेठ, दाखल्यासाठी तिसऱ्यांदा परत पाठवलेला माणूस बदामासमोर उभा राहील का? शेठ हसले. "कौसाबाई, तुम्ही चहा सांगा, बठ्ठं व्हई जाई." चहा आला की सगळं होतं म्हणे.

सांगितला. आणि आणलासुद्धा मीच.

७ जानेवारी, मंगळवार

मी समितीत कशी, ते लिहून ठेवते. सरकारचा नियम निघाला, की आवाराच्या समितीत रोज येणाऱ्या लोकांतली एक बाई पाहिजे. भरत भाऊसाहेब स्वतः टपरीवर आला. वीस वर्षं आवारातल्या कडुनिंबाखाली चहाची टपरी आहे माझी. म्हणाला, "मावशी, तुमनाशिवाय दुसरं कोन शे? आन तुमाले काही करनं नई, फक्त सही करनी." एवढ्या बायका येतात कचेरीत, त्यातून मलाच निवडलं. काहीतरी बघितलं असेल ना त्यांनी माझ्यात.

सही मला माझ्या मुलीने, सीमाने शिकवली. आधी अंगठा होता. चौथीत शाळा सुटली होती, अक्षरं ओळखीची होती, पण हात चालत नव्हता. ही वहीसुद्धा तिचीच, नववीच्या गणिताची. मागची पानं कोरी राहिली म्हणून मी लिहिते. बाकी सीमाचं काही लिहायचं नाही. शहाद्याला आहे, तिने तिच्या मनाने लग्न केलं, दोन वर्षं झाली. ती फोन करत नाही, मी करत नाही. संपलं.

१३ जानेवारी, सोमवार

आज भलतंच झालं.

मीटिंगमध्ये रोहिणी मॅडमनी विषय काढला, की पुढची लांब भिंत आहे तिच्यावर चित्र काढू. मॅडम कचेरीच्या नवीन तहसीलदार आहेत, माझ्या सीमापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. शेठ म्हणाले धबधब्याचा फ्लेक्स लावू, धुता येतो. मॅडम नाही म्हणाल्या. त्यांनी मोलगीच्याही पलीकडच्या पाड्यातून एक म्हातारा बोलावून ठेवला होता. सुरुपसिंग. सत्तरीचा असेल. खुर्ची दिली तर बसला नाही, दाराला पाठ लावून खाली बसला. तिकडे नवस फेडायला घराच्या भिंतीवर देवाचे घोडे काढतात, ते हा काढतो. चित्र काढ म्हटलं तर हो नाही, नाही नाही. म्हणाला,

"भिंत कोनी मागी?"

मॅडम म्हणाल्या, शासनाची भिंत आहे, बाबा.

"सरकार कोठे ऱ्हास? तेन्हं घर दखाडा."

सगळे हसले. तो हसला नाही. म्हणाला, घराची भिंत घरधनी मागतो. घरधनी उपास धरतो, पहिलं सारवण घालतो, घोडे उठेपर्यंत रोज समोर येतो. सरकार उपास धरेल का? मॅडम म्हणाल्या, बरं, मी मागते असं समजा. तो म्हणाला, "ताई, तुमी दोन वरीसमा जाशात. घोडा कोठे जातीन?"

यावर कोणी हसलं नाही. भरत भाऊसाहेब पुढचे कागद चाळायला लागला. आणि माझं दूध तिकडे स्टोव्हवर. असा किती वेळ बसणार माणूस? मी उठले आणि म्हटलं, लिहा माझं नाव. मी मागते भिंत. झालं का? दूध उतू जातंय.

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. डोळे पिवळट, पण बघणं असं की मला उगाच पदर सारखा करावासा वाटला. म्हणाला, "तोंडघाई मागी तू. आते परत लेता येत नई." तोंडाने मागितलं, ते मागितलं म्हणे.

भरत भाऊसाहेबाने तीन कागद पुढे केले, मी उभ्याउभ्या तिन्हींवर सह्या केल्या आणि पळाले.

दूध गेलंच होतं.

१५ जानेवारी, बुधवार

हे काय ओढवून घेतलं मी! सकाळी सहाला म्हातारा भिंतीपाशी हजर. शेणाची पाटी माझ्या हातात दिली. उपाशी यायचं, अंघोळ करून यायचं, आणि बोलायचं कमी. पहिल्या दोन गोष्टी जमल्या.

चाळीस फूट भिंत. गुडघ्यांनी रडायचं बाकी ठेवलं. वर पांढऱ्या मातीचा हात दिला त्याच्या सुनेने. ही शांतीबाई. बोलत नाही, पण हात असा फिरवते की ओल्या भिंतीवर बोटांच्या चंद्रकोरी उठतात. मी टपरीवरून बघत राहिले. दोन चहा करपवले.

मी विचारलं, आणि भिंत पडली तर? तो म्हणाला, घरधनीने उत्तर द्यायचं. कोणाला? तर म्हणाला, घोड्यांना. मला हसू आलं.

मग म्हणाला, मागणारीच्या मनात एक मागणं असतं, ते तोंडाने सांगू नको. मी म्हटलं, माझं कसलं मागणं, एक नळ सोडून. तो म्हणाला, नळ तर तू तोंडाने मागतेस.

फार बोलतात म्हातारी माणसं.

१६ जानेवारी, गुरुवार

रंग कालवायला दूध लागतं, ते माझं. आणि मोहाची लागते. कचेरीच्या आवारात दारू! भरत भाऊसाहेबाचा चेहरा बघायचा होता. साहित्याच्या यादीत काय लिहू, काय लिहू, करत तासभर फिरला. शेवटी लिहिलं, "स्थानिक द्रव पदार्थ". रिषभशेठ नाकाला रुमाल लावून म्हणाले, "भाऊसाहेब, नमुना म्हणून थोडासा तुमच्या टेबलाकडे ठेवा, तपासणीला."

म्हाताऱ्याने बांबूची काडी चावून चावून कुंचला केला. पहिली रेघ ओढली तेव्हा भाऊसाहेबसुद्धा यादी विसरून बघत उभा राहिला.

१८ जानेवारी, शनिवार

कचेरीला सुट्टी. टपरी बंद. तरी दुपार कलताना गेले, उपास आहे ना.

आवारात म्हातारा सोडला तर कोणी नाही. गेटाशी कुत्रं झोपलेलं. मी वळले आणि थांबले. काल संध्याकाळी चार घोडे होते, आज सोळा. लाल, काळे, एक हळदीसारखा. ऊन तिरपं येत होतं. मी वीस वर्षं ही भिंत बघते आहे. तिच्यावर पानाच्या पिचकाऱ्या बघितल्या, 'येथे लघवी करू नये' बघितलं, आणि त्याच्याखालीच करणारे बघितले. त्याच भिंतीतून हे निघाले. काढले असं वाटत नव्हतं. आत होते आणि आता बाहेर येतायत, असं.

 

एका घोड्यावर कोणी बसलेलं नाही. बाकी सगळ्यांवर आहेत. मी म्हटलं, हा रिकामा का? विसरलास? म्हातारा काडी धूत म्हणाला, "हाऊ जो येवाना शे, तेन्हा."

जो यायचा आहे, त्याचा म्हणे. मी त्या घोड्याकडे परत बघितलं नाही. नंतर बघितलं.

२० जानेवारी, सोमवार

आज गर्दी. दाखल्याची रांग सरळ राहीनाच, भिंतीकडे वाकत होती. धडगावकडून आलेला एक जण, डोक्याला मफलर, हातात फाइल, घोड्यांसमोर येऊन त्याने चपला काढल्या. मग मागच्याने काढल्या. मग सगळ्यांनीच. कचेरीच्या आवारात चपलांची ओळ! मी चहा द्यायला गेले तर मीसुद्धा काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

म्हाताऱ्याने आज ताडाचं झाड काढलं, त्यावर चढलेला माणूस, मधमाश्या, वाघ, जीप आणि जीपच्या टपावरची माणसं. शेठनी विचारलं, बाबा, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याचं धुराडं येईल का? काढलं. धुरासकट. आणि खाली कोपऱ्यात माणसांची रांग, प्रत्येकाच्या हातात कागद, सगळी एका बंद दाराकडे तोंड करून. मॅडम आल्या, बघत उभ्या राहिल्या. भरत भाऊसाहेब घाईघाईने म्हणाला, हे पुसायला सांगू का? मॅडम म्हणाल्या, "नको. खरं आहे ते."

मला ती पोरगी आवडायला लागली आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज घोडे उठले.

नीट लिहिते, कारण पुन्हा बघायला मिळणार नाही. त्यांच्याकडे चित्र काढून संपत नाही. काढणारा समोर उभा राहून एकेकाला काडी लावतो, नाव घेतो, आणि नाव घेतलं की ते उठतं. तिकडे हे रात्रभर चालतं, पण इथे गेटाला कुलूप लागतं, म्हणून सकाळी. शंभर-दीडशे माणसं असतील. कचेरीतले सगळे बाहेर आले, शिक्के मारायचं थांबलं. सुरुपसिंग पुढे आणि त्याच्या शेजारी मी. तो सूर्यापासून सुरू झाला. त्यांची भाषा मला फारशी येत नाही. पण त्याने काडी लावली की मागची माणसं एका आवाजात हुंकार देत, आणि तो हुंकार माझ्या पायातून वर येत होता. वाघाला नाव दिलं तेव्हा शांतीबाईच्या कडेवरचं लेकरू रडायला लागलं. मी खोटं लिहीत नाही, त्या रिकाम्या घोड्याला काडी लागली तेव्हा त्याची मान हलली. ऊन असेल. उपासही होता. पण हलली.

मग तो माझ्याकडे वळला. "घरधनीन, काय ऱ्हायनं, सांग."

मला कोणी सांगितलंच नव्हतं, की शेवटी घरधनिणीला विचारतात. जे राहिलं ते तिने सांगायचं, मग भिंत पुरी होते. दीडशे माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत.  मी भिंतीवरून डोळे फिरवले. सूर्य, चंद्र, नांगर, लग्न, नदी, बंद दारासमोरची रांग. रांगेपाशी थांबले. आणि माझ्या तोंडून निघालं,

"पाणी राहिलं."

कोणीतरी म्हणालं नदी आहे की. मी म्हटलं, नदी आहे, पण रांगेतल्या माणसाला कोण देतं?

सुरुपसिंगने मान हलवली, जशी चांगल्या पोराला मास्तर हलवतो. रांगेच्या शेवटी त्याने एक बाई काढली. ठेंगणी, जाड, एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताने पेल्यात पाणी ओततेय, आणि तोंड उघडं. ओरडतेय. लोक हसले. का हसले कळलं नाही.

अर्ध्या तासात मॅडमनी कुठून तरी मातीचा रांजण आणवला. भिंतीखाली विटांवर ठेवला, वर झाकण, साखळीला पेला. मी तीन वर्षं ठरावात बसवत होते ते बसलं नाही. भिंतीत बसलं आणि आलं. मी रांजणातलं पाणी पहिल्यांदा प्यायले आणि मला रडू आलं. उपासामुळे चक्कर येत असेल.

२६ जानेवारी, रविवार

झेंडा झाला. कारंजं चालू केलं, एकदा उडालं, मग पंपात कचरा गेला. कोणी बघितलं पण नाही, सगळी पोरं भिंतीसमोर.

२७ जानेवारी, सोमवार

सीमाचा फोन आला.

मी टपरीवर होते. नंबर तोंडपाठ आहे. उचलला तर पहिलं वाक्य, "आई, तुले येड लागनं का? उपाशी पोटे कचेरीनी भिंतले शेन सारवस म्हने!" तिची नणंद जातीच्या दाखल्याला आली होती, तिने मला बघितलं होतं. मी म्हटलं, सारवस, तुले काय करनं शे? ती म्हणाली, "बीपीन्या गोया लेस का नई?" मी म्हटलं, लेस, रोज गोळी लेस.  गिऱ्हाईक चहा मागत होतं, त्याला मी हाकललं.

मग म्हणाली, भिंत पाहायला येते. दहा फेब्रुवारीला, सोमवारी. जावईसुद्धा येणार. दोघंच. मग म्हणाली, तिघं म्हण.

योगायोग असतो. मी काही त्यातली नाही.

संध्याकाळी जाऊन रिकाम्या घोड्याला हात लावून आले.

३ फेब्रुवारी, सोमवार

भिंतीवर फक्कीच्या दोन उभ्या रेघा. पांढऱ्या. एक वाघाच्या पोटातून, एक नदीतून. मध्ये वीस फूट. मध्येच रिकामा घोडा, रांग, पाणी ओतणारी बाई, खाली रांजण.

फक्की टाकणाऱ्याला मी विचारलं, हे काय? म्हणाला गेट. दोन गाड्या शेजारून आत जातील असं रुंद गेट. पुढच्या मंगळवारी जेसीबी येतोय. मी म्हटलं, डोळे फुटले का तुझे? तो म्हणाला, "मावशी, माले काय सांगस? कागद शे."

भरत भाऊसाहेबाकडे गेले. त्याने फाइल काढली. तेरा जानेवारीचा ठराव क्रमांक तीन, रुंद प्रवेशद्वार, एकमताने मंजूर. खाली सह्या. चौथी सही माझी. कौ मोठा, बाई तिरकं. सीमाने शिकवली तशीच.

त्याच मीटिंगमध्ये. त्याच उभ्याउभ्या. पहिल्या कागदावर भिंत मागितली आणि तिसऱ्यावर पाडायला दिली. एक फाइल चित्राची, एक बांधकामाची, आणि दोन फाइली एकमेकींना भेटल्याच नाहीत. भाऊसाहेब डोकं खाजवत म्हणाला, खरंच लक्षात नाही आलं कोणाच्या. मी म्हटलं, तुम्ही मला वाचून का नाही दाखवलं? तो म्हणाला, "मावशी, तुमी घाईमा व्हतात." मग हळूच म्हणाला, "आन तुमी वाचशात अशे कोनले वाटनं नई."

हे मला घरी येईपर्यंत कळलं नाही. घरी आल्यावर कळलं, एवढ्या बायकांतून मलाच का निवडलं ते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडम प्रशिक्षणाला पुण्याला. रविवारी रात्री येणार. फोन लागला, पण आवाज तुटत होता. "ठराव झालाय... बघते... समिती..." आणि कट. रिषभशेठ बिचारे म्हणाले, भिंत पडायच्या आधी मोठा फोटो काढून फ्लेक्स करून देतो, माझ्या खर्चाने. चांगल्या मनाने म्हणाले. मी म्हटलं, शेठ, तुमच्या आईचा फोटो आहे ना घरात? त्याला जेवायला वाढता का? ते उठून गेले. तोंड माझं.

५ फेब्रुवारी, बुधवार

टपरी बंद ठेवून मोलगीला गेले. सुरुपसिंग बाजारात आहे असं शांतीबाईच्या भावाने कळवलं होतं. जीपमध्ये तीन जागी कंबर मोडली. म्हातारा मीठ घेत होता. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडेल, शाप देईल. त्याने मिठाची पुडी बांधली, गाठ मारली.

मी म्हटलं, मला काय होईल? तो म्हणाला, तुला काय होईल ते मला काय माहीत.

मग विचारलं, "कागदवर कोनं नाव लिखं?"

माझं, मी म्हटलं.

"आन भिंतले कोनं नाव दिधं?"

माझंच.

"मंग दोन्हीकडे तूच. दोन्ही बोल ऱ्हातीन नई. एक परत ले."

मी म्हटलं, तूच तर म्हणालास, तोंडाने मागितलेलं परत घेता येत नाही.

तो दात नसलेलं हसला. "मंग ऱ्हायना कोनता?"

परतीच्या जीपमध्ये मला एकदाही कंबर दुखली नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अर्ज लिहिला. आधी इथे लिहिते, मग चांगल्या कागदावर उतरवीन. उद्या भाऊसाहेबाकडून पोच घेणार, शिक्क्यासकट. पोच दिल्याशिवाय त्याला चहा नाही.

रोहिणी मॅडम आणि समितीचे सगळे मेंबर यांना,

मी कौसाबाई, समितीची मेंबर. तेरा जानेवारीच्या ठराव तीनवर माझी सही आहे. ती मी न वाचता केली. चूक माझी आहे, दूध उतू जात होतं हे कारण नाही. ती सही मी परत घेते. एकमताने मंजूर असं तुम्ही लिहिलं आहे, आता ते एकमताने राहिलं नाही.

पहिल्या कागदावरची सही मी परत घेत नाही. ती भिंत मी तोंडाने मागितली आहे, उपास धरून सारवली आहे आणि दीडशे माणसांसमोर तिला काय कमी आहे ते सांगितलं आहे. तुम्हीच मला म्हणालात की समितीत रोजच्या लोकांतली एक बाई पाहिजे. मी ती आहे. गेट पाहिजे तर मागच्या बाजूला करा, तिकडे नुसतं गवत आहे, मी स्वतः मोजून आले, दोन गाड्या आरामात जातात. कारंज्याचा हौद बंदच आहे, त्याची पाण्याची लाइन रांजणापाशी आणून तिला एक नळ लावा.

मंगळवारी अकराला जेसीबी आहे. त्याच्या आधी मला उत्तर पाहिजे. बघतो, कळवतो, वरती विचारतो, हे उत्तर नाही. भिंत राहणार की नाही, एवढंच. आणि लेखी पाहिजे. सोमवारी माझी मुलगी येते आहे, तिला दिवस गेले आहेत, ती भिंतीसमोर उभी राहून ते मला मोठ्याने वाचून दाखवणार आहे, तेव्हा रांगेतली माणसं पण ऐकतील. त्या हिशेबाने लिहा.

उत्तर सोमवार, दहा फेब्रुवारी, दुपारी बारापर्यंत. मी भिंतीपाशी, रांजणाजवळ आहे.